आबांचा ट्रायपॉड

कॅमेरा कायम आबांच्या गळ्यात, त्यामुळे घरातल्या एकाही फोटोत आबा नव्हते. म्हणून वाढदिवसाला मुलाने कॅमेऱ्यासाठी साधासाच ट्रायपॉड आणला, तेव्हा त्यांना भरून आलं. पोराला बापाचं मन कळलं म्हणायचं! त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, सगळ्यांना सोफ्यावर दाटीवाटीने बसवलं, नातीशेजारी आपल्यापुरती जागा राखली, टायमर लावला आणि लगबगीने येऊन टेकले.

"आबा, तुम्ही कुठे मध्येच?" मुलगा वैतागला. "उठा, तिकडे कॅमेऱ्यापाशी थांबा. हल्ली तुमचा हात थरथरतो, एक फोटो धड येत नाही, म्हणून दिलाय तो ट्रायपॉड."

तेवढ्यात क्लिक झालं.

फोटो झकास आला. सगळे अगदी स्पष्ट, आणि उठता उठता हललेले एकटे आबा.