पोपटी चादरी

सासूबाईंनी ओली चादर सुनेच्या टेबलावर आपटली.

"हॉटेलच्या चादरी. पांढऱ्याशुभ्र टाकल्या होत्या मशीनमध्ये. आता बघ."

चादर पोपटी झाली होती. सुनेचं तिकडे लक्षच नव्हतं. टेकडीवरची दलदल बुजवून तिथे गाड्या उभ्या करायचं गावाने ठरवत आणलं होतं, आणि दलदलीचं पाणी खालच्या विहिरींना पोसतं, असं ही एकटीच म्हणत होती. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास हा तिचा पेशा. गावाच्या समितीने सांगितलं, दाखवा. म्हणून तिने दलदलीत बिनविषारी हिरवा रंग ओतला आणि खालच्या नदीवर, झऱ्यांवर, उताराकडच्या विहिरींवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. रंग कुठेच उतरला नाही. उद्या शेवटची बैठक. आपण हरलो, हे समितीला नीट शब्दांत कसं सांगावं याचाच ती सकाळपासून विचार करत होती.

"एखादा रंगीत कपडा गेला असेल त्यात," ती म्हणाली.

"जन्म गेला माझा लाँड्रीत. पांढऱ्यात रंगीत घालायला मला वेड लागलंय का? साबण तोच, मशीन तेच, पाणी आपल्याच विहिरीचं."

सुनेने मान वर केली. खणातली निळ्या उजेडाची बॅटरी काढून तिने चादरीवर धरली. चादर लखलखली. सून खुर्चीत बसली ती रडायलाच लागली.

सासूबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. "अगं, रडतेस काय? हॉटेलवाल्याला मी बघते."

"आई, हा माझा रंग आहे. टेकडीवरचं पाणी आपल्या विहिरीत येतंय."

"आणि तू कुठे शोधत होतीस?"

"नदीवर. सगळ्या झऱ्यांवर. पलीकडच्या विहिरींवर. पुलाखालीसुद्धा."

"घरच्या विहिरीत?"

"उतार नदीकडे आहे ना, आई. आपली विहीर या बाजूला. मला वाटलं..."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि त्या हळूच टेकल्या. "म्हणजे ती दलदल बुजवली तर आपली विहीर..."

"आटेल."

खाली अंगणात कामवाली बाई उरलेल्या चादरी दोरीवर घालत होती. ऊन कडक पडलं होतं.

"हा रंग निघतो का गं?"

"निघतो की. पाण्याने पुष्कळसा जातो, उरलेला उन्हाने उडतो. संध्याकाळपर्यंत दिसणारही नाही."

सासूबाई ताडकन उठल्या. ऊन फुकट घालवणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. ढग आला तरी त्या आभाळाला बोल लावत. त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली, "काढ त्या चादरी. सगळ्या. ओल्याच आत आण, अंधाऱ्या खोलीत."

खालून बाईने दोनदा विचारलं, उन्हातून काढू? खरंच?

"काढ म्हटलं ना." मग त्या सुनेकडे वळल्या. "उद्या मीही येते बैठकीला. चादरी मीच उलगडेन. तुला धड घडी मोडता येत नाही."