दिवा नीट धर

"दिवा मी बघतोय तिथं धर. तू बघतेस तिथं नको."

पिकअपच्या खालून ऑर्लिनचा आवाज आला. जॅनेलनं दिवा सरकवला. तिला आता नातू होता, आणि वडिलांचं हे वाक्य ती शाळेत जायला लागल्यापासून ऐकत होती.

"बाबा, ही गाडी चालू होईपर्यंत त्या वृद्धाश्रमात तुमच्याआधी मलाच खोली घ्यावी लागेल."

"घे की. ओळखीचा शेजार मिळेल मला."

मार्चमध्ये ऑर्लिन अंगणातल्या बर्फावरून घसरला होता. पलीकडच्या शेतातल्या माणसाला दिसेपर्यंत तो तसाच पडून होता. जॅनेल फार्गो शहरातून धावत आली आणि म्हणाली, आता एकटं राहणं पुरे. गावातल्या वृद्धाश्रमात खोली मिळत होती. वाद घालणं ऑर्लिनच्या स्वभावात नव्हतं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. गव्हाच्या कोठीमागे त्याची जुनी पिकअप उभी होती. तळाच्या पत्र्यातून गवत वर आलं होतं आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता.

"तेवढी ती चालू करतो," तो म्हणाला. "मग तिच्यातूनच मला नेऊन सोड."

जॅनेलनं हा शब्द पक्का धरला. पिकअप ओढून शेडमध्ये आणली, आणि काम लवकर उरकावं म्हणून ती दर शनिवारी येऊ लागली.

पण लवकर उरकणं ऑर्लिनला ठाऊकच नव्हतं. दाराखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. जॅनेल म्हणाली, "पुट्टी भरून वरून रंग देऊ. कुणाला कळणार आहे?"

"गंजाला कळेल."

त्यानं तिच्या हातात कटर दिला. गंजाच्या कडेनं कापायचं नाही, त्याच्या पुढं जाऊन कापायचं. चांगला पत्रा चमकला की थांबायचं. मग तितकाच तुकडा कापून जोडायचा. तिनं केलेलं पहिलं वेल्डिंग त्यानं चष्मा वर करून पाहिलं.

"कोंबडी शिटून गेल्यासारखं दिसतंय."

"मग तुम्हीच करा!"

"मला येतं," असं म्हणून त्यानं तिला भंगारातला दुसरा तुकडा दिला. मग तिसरा. वेल्डिंगची दांडी मात्र त्यानं एकदाही तिच्या हातातून घेतली नाही. उन्हाळा सरता सरता तिच्या वेल्डिंगचा सांधा सरळ येऊ लागला. ऑर्लिननं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बरंय." त्या घरात याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

पत्रा घासताना दोघं बोलत. समोरासमोर बसून त्यांना कधीच बोलता आलं नव्हतं; गाडीकडे बघत मात्र बोलता येई. नवरा सोडून गेला त्या वर्षाबद्दल जॅनेल पहिल्यांदाच बोलली. ऑर्लिन तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलला, आणि मग बराच वेळ एकच जागा घासत राहिला.

इंजिन जुळवताना त्यानं ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली आणि आतला अंगठ्याएवढा तुकडा बाहेर काढला.

"हा आठवतो का?"

"रोटर! न आठवायला काय झालं?"

तरुणपणी ऑर्लिन नाचाला जाई, तेव्हा टवाळ मित्रांनी गाडी पळवू नये म्हणून हा रोटर काढून खिशात टाकत असे. त्याच्यावाचून इंजिन चालू होतच नाही. जॅनेल पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गावात निघाली, तेव्हा त्यानं तिला सगळ्यात आधी ही युक्ती शिकवली होती. त्यानं रोटर पुसून जागेवर बसवला.

ऑक्टोबरात, शेतातलं बीट उपटून झाल्यावर, एका शनिवारी पिकअप चालू झाली. आधी खोकली, मग शेडच्या भिंती हलवत एका सुरात धडधडू लागली. जॅनेलनं टाळ्या वाजवल्या. ऑर्लिननं मान डोलावली आणि इंजिन बंद केलं.

"म्हणजे पुढच्या शनिवारी," तो म्हणाला.

"हो," जॅनेल म्हणाली. "पुढच्या शनिवारी. कळवते मी वृद्धाश्रमात."

तो कॉफी ठेवायला घरात गेला. ती शेडचं दार लावायला मागं राहिली. दार लावायला तिला बराच वेळ लागला.

आठवडाभर ऑर्लिननं कपाटातून कपडे बाहेर काढले, घड्या घातल्या, पुन्हा आत ठेवले. शनिवारी उजाडताच तो शेडमध्ये गेला. त्यानं मुलीशी कधी लबाडी केली नव्हती. आज करणार होता. फक्त एक हिवाळा, तो मनाशी म्हणाला. ती शनिवारी येत राहील, तेवढा एक हिवाळा. त्यानं बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा सोडल्या आणि रोटर काढायला टोपी उचलली.

रोटर तिथं नव्हताच.

त्यानं बोटानं चाचपून पाहिलं. मग टोपी पुन्हा बसवली, क्लिपा लावल्या आणि मडगार्डला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं अंगणात जॅनेलची गाडी वाजली. ती आत आली. तिचा एक हात कोटाच्या खिशात होता.

"झाली का तयारी, बाबा?"

"मी तयार आहे. हीच तयार दिसत नाही," ऑर्लिन बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "आज काही चालू व्हायची नाही ही. कुठंतरी काहीतरी बिघडलंय. सापडायला हिवाळा जाईल बहुतेक."

त्यानं अजून चावीसुद्धा फिरवून पाहिली नव्हती. पण बिघडलंय हे कशावरून, ते जॅनेलनं विचारलं नाही.

"मग शोधायला हवं," ती म्हणाली.

तो इंजिनावर वाकला. तिनं खिशातला हात न काढता दुसऱ्या हातानं खिळ्यावरचा दिवा उचलला आणि डिस्ट्रिब्युटर सोडून भलतीकडेच धरला. या वेळी ऑर्लिन काही बोलला नाही.