पुढच्या की मागच्या

कुणालनं माळ्यावरून शिडीनं खाली उतरत कॅनव्हासची पिशवी पोर्चमध्ये आपटली. आतून दोन लोखंडी चेन बाहेर आल्या. बर्फात गाडीच्या चाकांना गुंडाळतात तसल्या.

"बाबा, या दोनच आहेत. पुढच्या चाकांना लावायच्या की मागच्या?"

नंदकुमारांच्या हातातला पेपर खाली आला. तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलानं, शिशिरनं, नारकंड्याच्या बर्फाळ घाटातून फोन करून हेच विचारलं होतं, जवळपास याच आवाजात. त्यानंतर तासाभरात त्याची गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. तेव्हापासून हा प्रश्न नंदकुमारांना कुठेही ऐकू यायचा; नळ सोडला की, मिक्सर लावला की, देवळात आरती चालू असतानाही. आज तो धाकट्याच्या तोंडून आला आणि ते मनातून घाबरले.

"बर्फात जाऊच नकोस म्हटलं ना मी," ते म्हणाले. "टायर साधे आहेत तुझे."

"साधे आहेत, पण नवे आहेत."

"नवे असून काय उपयोग? थंडीत साध्या टायरचं रबर लाकडासारखं कडक होतं. खाचांत बर्फ भरला की टायर गुळगुळीत. शिशिरचेही नवेच होते."

"म्हणून तर चेन लावायची ना. पिंजोरला सगळे मित्र थांबलेत यार, सांगा पटकन."

तीन वर्षं या घरात टायरशिवाय दुसरं कारण कुणी बोललं नव्हतं. पोलीस म्हणाले टायर, विम्याचा माणूस म्हणाला टायर, आणि नंदकुमारांनीही मान डोलावली. सगळं खापर टायरांवर फुटलं. टायर बिचारे काय बोलणार?

बोलायचं होतं ते नंदकुमारांना. उभी हयात त्यांनी लष्कराचे ट्रक लेहला नेले. त्या ट्रकांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांत जायची, म्हणून चेनही मागेच. आणि त्यांचा शब्द म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ. "मागच्यांना, अरे, मागच्यांना. एवढंही माहीत नाही?" असं ते फोनवर हसत म्हणाले होते. शिशिरनं ऐकलं. छोट्या गाडीत इंजिन पुढची चाकं ओढतं, वळतातही तीच, हे नंदकुमारांना महिनाभरानं एका मेकॅनिकनं सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी ते गाडी तिथंच सोडून घरी चालत आले.

धुक्यात समोरचा गुरुद्वारा अजून दिसत नव्हता. शिशिरची बायको, स्मिता, चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

सांगलीहून तिची आई दर रविवारी फोन करून विचारायची, कायमची कधी येतेस. 'थोडं थांबायचंय,' एवढंच स्मिता म्हणायची. सासऱ्यांपायी राहिली पोर, म्हणून सेक्टरमधले लोक तिचं कौतुक करायचे. नंदकुमारांनाही तेच वाटायचं. ती होती म्हणून ते जेवत होते, झोपत होते.

आता 'पुढच्या' म्हटलं की शिशिरच्या चेन चुकीच्या चाकांना होत्या, हे तिला कळणार. पोलिसांकडून ही पिशवी सही करून तिनंच घेतली होती, आणि चेन कुठल्या चाकांवरून काढल्या तेही त्यांनी तिला सांगितलं होतं. 'मागच्या' म्हटलं तर समोर कुणाल उभा होता. दोन्हीपैकी काहीच न बोलता बसून राहावं, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं.

"जाऊ दे, वर घाटात कुणाला तरी विचारतो," म्हणत कुणाल चेन उचलायला वाकला.

"पुढच्या," नंदकुमार म्हणाले.

"पक्का?"

"पक्का. तुझ्या गाडीत इंजिन पुढची चाकं ओढतं. चेन तिथंच लागते."

"मग दादाच्या गाडीला मागे कशा होत्या?"

नंदकुमारांनी दाराकडे पाहिलं नाही. "मी सांगितलं म्हणून. त्यानं फोन करून विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं."

कुणाल चेन हातात धरून तसाच वाकून राहिला.

स्मितानं पुढे येऊन कप त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला. थेंबसुद्धा बशीत सांडला नाही.

"माहीत आहे मला, बाबा. तुम्ही फोनवर बोललात तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. गाडी चालवायला शिकले तेव्हा त्याचा अर्थ कळला. तुम्ही स्वतःहून कधी सांगताय, तेवढ्यासाठी राहिले होते."

"स्मिता," नंदकुमार म्हणाले. कुणाल उठला आणि हातांना काहीतरी काम हवं म्हणून शिडी मिटवायला लागला.

"शिडी राहू दे, कुणाल," ती म्हणाली. "माझी बॅगही माळ्यावरच आहे."