जिथं ट्रक येत नाही

“सायकल चालवायला?”

गुणवंत कर्णिकांनी फॉर्म चष्म्याजवळ नेला, मग लांब धरला. दोन्हीकडून तेच दिसत होतं. रजेचं कारण : फ्रान्समध्ये सायकल चालवणे. दिवस : दहा.

“हो सर,” सुजीत म्हणाला.

कंपनीतल्या दोनशे बारा माणसांचे पासपोर्ट कर्णिकांच्या पाठीमागच्या लोखंडी तिजोरीत होते, आणि तिची किल्ली जुन्या काळच्या सासूसारखी त्यांच्या कमरेला. साल नव्याण्णव. शारजात तेव्हा बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत होती. लग्नाला जायचं असो की मयताला, आधी कर्णिकांच्या टेबलासमोर उभं राहायचं.

सुजीत पुण्याचा, ड्राफ्ट्समन, कामाला चोख. पण गेले पाच महिने त्याने कर्णिकांपुढे कामाशिवाय एक शब्द टाकला नव्हता. ते लिफ्टमध्ये शिरले की हा जिना धरायचा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं कर्णिक बायकोला सांगत. आठवड्यातून दोनदा तरी सांगत.

“मागच्या वर्षी एक जण चुलत्याच्या श्राद्धाला म्हणून गेला आणि मस्कतच्या कंपनीत जाऊन बसला,” ते म्हणाले. “निदान श्राद्ध तरी पटण्यासारखं होतं. तुझा इंटरव्ह्यू कुठे आहे ते सांग.”

सुजीतने एक पुस्तिका टेबलावर ठेवली. साइटवरच्या फ्रेंच इंजिनिअरने दिलेली. हाताळून पानं सुटायला आलेली, आणि मधल्या फोटोवर काळ्या ग्रीसचा एक अख्खा अंगठा उमटलेला.

“इथे पूर्वी रेल्वे होती. रूळ काढले आणि बारीक खडी घातली. दोनशे किलोमीटर. एका बाजूला कालवा, एका बाजूला द्राक्षांचे मळे. गाड्यांना बंदी. फक्त सायकली आणि चालणारी माणसं.”

“आणि खर्च?”

“चार हजार दिरहॅम.”

“सत्तेचाळीस हजार रुपये!” कर्णिकांचा हिशोब तोंडात तयारच असे. “खडीवरून सायकल हाणायला? अरे, आमच्या पेणला ये. तिथे खडी टाकून सरकार तीन-तीन वर्षं विसरतं. फुकट हाण.”

सुजीत हसला नाही. बाहेरच्या टेबलावर सेक्रेटरी जहांआराचं टायपिंग मात्र थांबलं.

कर्णिकांनी फॉर्मच्या शेवटच्या रकान्यावर पेन आपटलं. “गॅरेंटर कोण? हे रिकामं का?”

जो जामीन राहील, त्याचा स्वतःचा पासपोर्ट रजेवर गेलेला माणूस परत येईपर्यंत तिजोरीबाहेर निघत नसे. मे महिना तोंडावर आलेला. सगळ्यांची गावची तिकिटं काढून झालेली. खुद्द कर्णिकांच्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या बायकोच्या, विभावरीच्या बॅगा पंधरा दिवस आधीपासून उघड्या पडल्या होत्या. दुसऱ्याच्या सायकलीपायी स्वतःचं गाव कोण सोडणार?

“कोणी नाही, सर.”

“मग खलास.” त्यांनी फॉर्म परत सरकवला. “रूल म्हणजे रूल. या तिजोरीतून जामिनाशिवाय आजवर एक पासपोर्ट बाहेर गेलेला नाही.”

“एक गेलाय.”

“कुणाचा?”

“किसनचा. पेटीबरोबर.”

कर्णिकांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

किसन फिटर. नोव्हेंबरातली संध्याकाळ. साइटवरून कॅम्पला निघाला होता, आणि मागून ट्रक आला. त्याच्या आधी महिनाभर संध्याकाळची बस बंद झाली होती. कॅम्प चारच किलोमीटरवर आहे, कामगारांनी आपापली सोय करावी. सर्क्युलरवर सही कर्णिकांची. किसनने सोय केली. जुनी सायकल घेतली. ती चेपलेली सायकल अजून ऑफिसच्या मागच्या गेटला टेकवलेली होती. ती हलवायला कोणाला सांगायचं, हे कर्णिकांना सुचत नव्हतं. पाच महिने ते पुढच्या गेटने येत होते.

“जेवणाच्या सुट्टीत त्याला हे दाखवायचो,” सुजीत म्हणाला. “त्याला ना द्राक्षांचं कौतुक, ना कालव्याचं. रोज एकच विचारायचा. ‘ट्रकच न्हाई? मंग मागं वळून बगायचंच न्हाई?’ त्याला खरंच वाटायचं नाही. म्हणून जाऊन बघायचंय.”

कर्णिकांनी पुस्तिका मिटली. मग पुन्हा उघडली. अंगठा नेमका रस्त्यावर होता.

बाहेर जहांआराने घाईघाईने टायपिंग सुरू केलं, काही ऐकलंच नाही अशा बेताने.

त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं. ड्राफ्ट्समनला उलटं वाचता येतं. सुजीतने वाचलं : गुणवंत कर्णिक.

“सर, तुमचं मुंबईचं तिकीट...”

“ते मी आणि तुझ्या वहिनी भांडून घेऊ.” त्यांनी तिजोरी उघडली, हवा तो पासपोर्ट उपसून काढला आणि टेबलावर जवळजवळ फेकलाच. “म्हणून मला माफ केलंस असं समजू का?”

“नाही, सर.”

“करूही नको.”

सुजीतने पासपोर्ट उचलला. दारापर्यंत गेला, तेव्हा मागून तोच रोजचा खेकसल्यासारखा आवाज आला.

“आणि ऐक. तिथे एकदाही मागं वळून बघू नको.”