कंपनीचं काडतूस

सकाळी अकरा वाजता किशनरावांनी मुखेडच्या पोलीस ठाण्यात आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं जमा केली. निवडणूक लागली की हे दरवेळचंच होतं; या खेपेला मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. भाच्याच्या वरातीत त्यांनी गुपचूप एक बार काढला होता, आणि काडतुसं सहाची सहा दिसावीत म्हणून ती रिकामी पुंगळी एका फटाकेवाल्याकडून भरून आणली होती. हे उघड झालं तर परवाना जाणार होता.

हवालदार सिद्धलिंग यांनी चष्मा लावून एकेक काडतूस उलटं करून पाहिलं.

"कंपनीच्या मालाला बुडाच्या टोपीभोवती लाखेची बारीक कडी असते, काका. हातानं भरलेल्याला ती नसते," असं म्हणत त्यांनी पाच काडतुसं एकीकडे ठेवली आणि एक दुसरीकडे.

किशनरावांनी मान खाली घातली. "चुकलं, साहेब. ते एक मीच उडवलं होतं."

"ते एक तर कंपनीचं हाय," हवालदार म्हणाले. "ह्या पाचांचं बोला."

किशनराव बाहेर आले आणि त्यांनी घरी बायकोला फोन लावला. केवळाबाईंनी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.



"आवं, मी उडवलेली चारी वळखली का त्या हवालदारानं?"