बाहेर काढलेले बारा

"लपवलंत तुम्ही! साऱ्या गावाला ऐकवलंत, आणि ज्यांना निकाल द्यायचा होता त्या आम्हा बाराजणांना खोलीबाहेर हाकललंत!"

आर्डिथनं कोर्टाच्या काउंटरवर थाप मारली.

"अगं, हळू," कारकून जनेल म्हणाली. "वकिलांची हुज्जत सुरू झाली की ज्युरीला बाहेर बसवतात. रीतच आहे ती."

"अकरा वेळा? मेंढरं होतो का आम्ही? चार वर्षं झाली, आता मी ज्युरीत नाही. कोर्टाचं दप्तर सगळ्यांना खुलं आहे ना? मग काढ बीसली खटल्याची नोंद."

बीसलीचं घर जळालं होतं, आत त्याची बायको मेली होती. अकराजण त्याला दोषी म्हणत होते. आर्डिथ एकटी तीन दिवस भांडली, सगळ्यांना वळवलं आणि तिनं त्याला सोडवलं. तेव्हापासून चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. गाव नुसतं कुजबुजायचं; कोर्टात काय ऐकलं ते तोंडावर कुणी सांगत नव्हतं. त्यात काही निघणार नाही अशी तिची खात्री होती; आज ती कागदच गावाच्या तोंडावर फेकणार होती.

"कशाला उकरतेस?" मागच्या बाकावरून तिचा नवरा लोवेल म्हणाला. "घरी चल. म्हातारा कुत्रा गाडीत एकटा आहे."

"बसू दे. तूच लाडावून ठेवलायस त्याला."

जनेलनं लोवेलकडे पाहिलं आणि घाईनं फॉर्म पुढे सरकवला. आर्डिथनं त्यावर लग्नाआधीचं आडनाव लिहिलं; ज्युरीच्या यादीत तेच होतं.

"खरंच वाचायचंय तुला?"

"नाही, भिंतीला चिकटवायचंय! दे इकडे."

जाडजूड बाड आलं. ज्युरी पहिल्यांदा बाहेर गेली ते पान तिनं काढलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचू लागली.

"'आरोपीनं मागूनही पोलिसांनी वकील दिला नाही, म्हणून हा कबुलीजबाब ज्युरीपुढे येणार नाही.' पुढे जबाब आहे. 'आधी कुत्र्याला गाडीत बसवलं. मग पडद्याला काडी लावली. बायको आत झोपली होती...'"

बोट ओळीवरच राहिलं. जनेल खाली बघत होती.

मागे बाक करकरला. आर्डिथ सावकाश वळली.

"पाऊल हलवू नकोस, लोवेल बीसली. कुत्र्याला आधी गाडीत बसवलं होतंस की नाही? बोल!"