हरकतीचा हात

"कुणाची हरकत?" बिशप हार्डननी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना केझायाकडे वळल्या.

झाडीतल्या त्या सभेत वाराही नव्हता. समोर अल्फियस टटल हातात टोपी घेऊन उभा होता. मिसुरीहून चालत आला होता. हिवतापाने पिवळा पडलेला, बुटांना चिंध्या बांधलेल्या. त्याला पुन्हा बाप्तिस्मा हवा होता. मिसिसिपी नदीकाठच्या नॉव्हू गावातल्या मॉर्मन पंथाच्या लोकांत त्याला पुन्हा घ्यावं, असं म्हणणारे मोजकेच हात वर झाले होते, तेही खांद्यापर्यंत.

तो काय करून गेला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिसुरीत मॉर्मनांना हाकलायला शिपाई आले, तेव्हा त्याने धर्म सोडल्याचं चौकात उभं राहून सांगितलं. एवढ्यावर थांबला असता तरी लोक विसरले असते. भीतीपोटी तेव्हा बरेच जण सोडून गेले होते. पण आपलं शेत वाचवायला त्याने शिपायांना ओढ्याकाठची झुडपांची जाळी दाखवली, आणि त्या जाळीत केझायाचा नवरा एझ्रा लपलेला होता. एझ्राने तो हिवाळा तुरुंगाच्या फरशीवर काढला. सुटला तो रक्त ओकतच. गोठलेली मिसिसिपी केझायाने त्याला घसरगाडीवरून ओढत पार केली. या काठाला लागल्यावर त्याने डोळे मिटले.

माहेरची माणसं तिला न्यायला व्हरमाँटहून आली होती. "या धर्मापायी विधवा झालीस, आता तरी सोड," असं भावाने हातापाया पडून सांगितलं. ती गेली नाही. सासूला घेऊन या दलदलीत राहिली.

आता सासूने तिला कोपराने ढोसलं. "बघतेस काय? कर हात वर. की तोही मीच करू?"

"बोलू दे त्याला आधी, आई."

"बोलायला जीभ कधी कमी पडली त्याला? माझ्या पोराच्या वेळी तर भलतीच चालली!"

अल्फियसने ते ऐकलं. त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"शेत वाचलं," तो म्हणाला. "मका चांगला आला. पण त्या शेतात मला गुडघे टेकता येईनात. दुसरं काही सांगण्यासारखं नाही माझ्याकडे."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे आता आमच्या नदीत धुवायला आलास होय!" दोघे-तिघे हसले. बिशपनी वर बघितलं तसं हसू थांबलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "कुणाची हरकत?"

केझायाने हात वर केला. ताठ, कोपर न वाकवता. सासूने डोळ्यांना पदर लावावा तशी शालीची कड लावली.

"भगिनी केझायाचा अधिकार आहे," बिशप हळू म्हणाले. "बंधू टटल, एका जरी माणसाची हरकत असली तर मी तुम्हाला पाण्यात उतरवणार नाही."

अल्फियसने मान हलवली. त्याला जणू हेच ऐकायचं होतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. टोपी डोक्यावर घालून तो नावेच्या धक्क्याकडे चालू लागला. लोकांनी वाट दिली. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"थांबा!" केझाया ओरडली. "जायला कुणी सांगितलं?"

तो वळला. सगळी सभाच वळली.

"तुम्हीच तर हात वर केलात," बिशप म्हणाले.

"पाण्यात उतरायला हरकत आहे माझी. राहायला नाही. आज हा नदीतून बाहेर आला की तुम्ही म्हणाल, पाप धुतलं. गळ्यात पडाल त्याच्या. मग एझ्रासाठी मी रागवायचं कुणावर? नदीवर? आणि आज हा धक्क्यावरून निघून गेला, तर तेवढंच सोपं झालं. त्यालाही आणि मलाही." ती बिशपकडे वळली. "बिशपसाहेब, तुमच्या गोठ्यात जागा आहे. राहू दे त्याला तिथे. आणि रोज सकाळी आमच्या दारात सरपण फोडायला पाठवा."

अल्फियसच्या चेहऱ्यावरचं ते सुटलेपण गेलं. तो जवळच्या झाडाला टेकला.

"बाई, मला हाकलून द्या," तो पुटपुटला. "रोज तुमच्या दारात नको."

"यावं लागेल," केझाया म्हणाली.

सासू उठून उभी राहिली. "शुद्धीवर आहेस का? ज्याने माझा एझ्रा धरून दिला, त्याचं तोंड मी रोज सकाळी उठून बघू?"

"होय, आई. मीही बघणार आहे." केझायाने तिचा हात धरला. "तो निघून गेला, तर आपण त्याला माफ करणार तरी कधी?"